जिवबा हवालदारानं दिलेली मुदत

"आदी पानी प्या," ती म्हणाली आणि टेबलावरचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

हे वाक्य माझं होतं. म्हणजे माझं नव्हे, जिवबा हवालदाराचं. 'स्टेशन डायरी' मालिकेच्या बावन्नच्या बावन्न भागांत, ठाण्याची पायरी चढून आलेल्या प्रत्येकाला मी आधी पाणी दिलं होतं, मग तो फिर्यादी असो नाहीतर चोर. आणि आता बेलवंड्याच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, मी खाकी गणवेश चढवून बसलो होतो आणि एक अनोळखी बाई मलाच पाणी देत होती. मी निमूटपणे प्यायलो. दुपारचे दोन वाजले होते, कार्यक्रम चारला होता आणि बाहेर कुणीतरी पाऊण तास माइकमध्ये फुंकर मारत होतं.

बाई साठीच्या पुढची असावी. धुवट नऊवारी, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण. तिनं दार अर्धं लोटून घेतलं. मला वाटलं, फोटो हवा असेल. वीस वर्षं लोक माझ्याकडे तीनच कामांसाठी येत आले होते: फोटो काढायला, मालिकेतलं वाक्य म्हणवून घ्यायला, नाहीतर 'हल्ली कुठं दिसत नाही तुम्ही' असं विचारायला. तिसऱ्या जातीच्या लोकांचा मला मनापासून राग येई, कारण मी कुठंच दिसत नव्हतो हे खरं होतं.

मी प्रभाकर निसळ. पुण्यात दूध योजनेच्या कचेरीत लिपिक होतो, हौशी नाटकांत कामं करायचो आणि पंच्याऐंशी साली टीव्हीवरच्या त्या मालिकेत मला हवालदाराचं काम मिळालं. मालिका खरं तर इन्स्पेक्टरची होती. पण मला बोलता बोलता लिहिता येत नसे. फिर्याद लिहून घेण्याचा प्रसंग आला की हात चालला तर संवाद विसरे आणि संवाद आठवला तर हात थांबे. पाच-सहा वेळा चुकल्यावर दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "निसळ, ते पेन खिशात घाला आणि नुसतं ऐका." मी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि सुचलं ते बोललो, "बोला. मी लिहीत नाही."

झालं. इन्स्पेक्टर राहिला बाजूला, महाराष्ट्रानं हवालदाराला डोक्यावर घेतलं. लोकांना त्यात माणुसकी दिसली. मालिका अठ्ठ्याऐंशीत संपली, पण केबलवर दर रविवारी सकाळी ती पुन्हा पुन्हा दाखवत, आणि जी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती ती रस्त्यात मला ओळखत. नाक्यावरचे खरे पोलीस मला सलाम ठोकत. मला दुसरं काम मात्र कुणी दिलं नाही. जो तो म्हणे, तुम्ही समोर आलात की हवालदारच दिसतो. मग गणेशोत्सव, दुकानांची उद्घाटनं, वाहतूक सप्ताह अशा सुपाऱ्या घेत मी गावोगाव हिंडायचो. बेलवंड्याची सुपारी तसलीच. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली होती आणि बेलवंड्याला बक्षीस हवं होतं. समितीचे अध्यक्ष आनंदराव थोरात स्वतः पुण्याला येऊन मला आमंत्रण देऊन गेले होते.

"बोला मावशी," मी म्हणालो.

"ते पेन ठिवा की खिशात."

मी भाषणाचे मुद्दे लिहीत होतो. मी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

"आता म्हना."

"बोला. मी लिहीत नाही."

ती मुलांच्या बाकावर, कोपऱ्यात अंग चोरून बसली. मला वाटलं, आता खूश होऊन हसेल आणि जाईल.

"चैतात आनंदरावाच्या कडब्याची गंजी जळाली," ती म्हणाली. "ती म्या पेटवली."

माइकवरचा माणूस बाहेर 'एक दोन तीन' म्हणत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "का?"

"माझा बांध सरकवला त्यानं. दोन हात. पंच बसिवलं, त्यातबी त्योच म्होरं. मला म्हनला, कोंडाबाय, एकलीला काय करायचाय येवडा बांध. म्हनून पेटवली. भर दुपारची, समदी जेवाय गेल्याली बघून. कडबा जळंल, त्याचं काळीज जळंल, एवडंच मनात हुतं." ती थांबली. "मागल्या अंगाला सावलीत भिवा निजला हुता. त्याचा सालगडी. माझ्या हातची भाकरी खाल्लीया त्यानं कैकदा. आठ दिस दवाखान्यात हुता. मग गेला."

मला गणवेशाच्या कॉलरमध्ये एकदम उकडायला लागलं.

"पोलिसांना माहीत नाही?"

"त्यांनी दगडूला न्हेला. दगडू खुडे. त्याला आनंदरावानं कामावरनं काढल्यालं, तवा त्यो पारावर म्हनला हुता, तुजी गंजी पेटवीन म्हनून. समद्यांनी ऐकल्यालं. सात म्हैनं झालं, त्यो आत हाय. खुनाचं कलम लावलंय म्हनं."

"मावशी, हे बघा," मी घाईघाईनं म्हणालो, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी खरा पोलीस नाही. मी दुधाच्या कचेरीत कारकून आहे. हे नुसतं नाटक आहे."

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली.

"ते मला कळत न्हाई व्हय? खऱ्या पोलिसाला कोन सांगतंय? त्यो लिवून घील आन न्हील. तुमी लिवत न्हाई म्हनून तर आले." मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, "शेजारी टीव्ही हाय. एक आयतवार चुकवत न्हाई म्या. तुमच्या ठान्यात कुनी वरडत न्हाई. आलेल्याला बसाय सांगत्यात. त्या इणकर म्हाताऱ्याचं प्रकरन आठवतंय न्हवं? त्यानं मालकाचा माग मोडला आन दुसराच मानूस आत घातला. म्हाताऱ्यानं तुमाला सांगितलं. तुमी त्या आतल्या मानसाला सोडवलंत आन म्हाताऱ्याचं नावबी येऊ दिलं न्हाई."

"कसं सोडवलं मी?" मी विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

"ते न्हाई दावलं. दार उगडलं आन त्यो भाईर आला." ती उठली. "तसंच करा. दगडूला सोडवा. माझं नाव तेवडं नगं. पोर हाय पदरात, नात. तिला आय न्हाई."

दारातून आनंदरावांचा आवाज आला, "हवालदारसाहेब, चहा घ्यायचा का?" कोंडाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्यांच्या अंगावरनंच बाहेर निघून गेली. आनंदराव म्हणाले, "आमची कोंडाबाई. तुमची लई मोठी फॅन." मी हो म्हणालो.

कार्यक्रम मला धड आठवत नाही. आनंदरावांनी भाषणात सांगितलं की गावात आता एकही तंटा शिल्लक नाही. दगडूचं प्रकरण मोहिमेच्या आधीचं, त्यामुळे ते मोजत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला पुढं बोलावलं. मी पेन खिशात ठेवण्याचा अभिनय केला आणि वाक्य म्हणालो. शिट्ट्या पडल्या. बायकांत कोंडाबाई पुढंच बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वस्थ काहीतरी होतं की मला तिचा राग आला. आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून ती मोकळी झाली होती.

पुण्याला आल्यावर माझं कशात लक्ष लागेना. कचेरीत बसलो की पाय हलायचे. बस येईपर्यंत थांबवेना, म्हणून चालत निघायचो आणि निम्म्या वाटेत दमून पुन्हा बसची वाट बघायचो. रविवारी कुंदानं, माझ्या बायकोनं, सवयीनं टीव्ही लावला, तर नेमका विणकराचा भाग. मी उभ्यानंच पाहिला. म्हातारा बोलतो, मी ऐकतो, मग कोठडीचं दार उघडतं आणि तो दुसरा माणूस उजेडात डोळे चोळत बाहेर येतो. तो कसा सुटला हे लेखकाला सुचलं नव्हतं, म्हणून दिग्दर्शक म्हणाला होता, नुसतं दार दाखवू. पंचवीस मिनिटांत सगळ्यांचं भलं झालं. मी टीव्ही बंद केला.

"काय झालंय तुम्हाला?" कुंदा म्हणाली. "बेलवंड्याहून आल्यापासून अंगात आल्यासारखे फिरताय घरभर."

मी तिला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती, ते तिनं थांबवलं नाही.

"मग आता?"

"तिनं विश्वासानं सांगितलंय. मी शब्द दिलाय."

"शब्द जिवबानं दिला," ती म्हणाली. "तो काही हे सोललेले वाटाणे खायला येत नाही आपल्याकडे. निसळांना काय वाटतं ते बघा."

निसळांना काय वाटत होतं ते निसळांना कळत नव्हतं. मी रजा टाकली आणि बेलवंड्याच्या तालुक्याला गेलो. कोर्टाच्या आवारात चौकशी केली तेव्हा समजलं की दगडूला सरकारनं वकील दिलाय, शिरगुप्पे नावाचा. पन्नाशीचा, बारीक, सतत सुपारी कातरणारा माणूस. त्यानंही मला लगेच ओळखलं. दोन मिनिटं मालिकेचं कौतुक करून झालं.

"वकीलसाहेब, समजा," मी म्हणालो, "समजा एखाद्या माणसानं दुसऱ्या कुणाजवळ कबूल केलं, की दगडूनं जे केलं म्हणतात ते मी केलंय. तर त्याचा उपयोग होतो का?"

अडकित्ता थांबला. "'समजा' म्हणत माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं," शिरगुप्पे म्हणाले. "कुणाजवळ कबूल केलं यावर आहे. पोलिसाजवळ केलं असेल तर शून्य. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्ट विचारात घेत नाही, मारूनमुटकून घेतात म्हणून. पण साध्या माणसाजवळ बोलला असेल, तर तो माणूस कोर्टात येऊन सांगू शकतो. ते चालतं."

"आणि समजा तो साधा माणूस पोलिसाच्या वेषात असेल तर?"

शिरगुप्पे माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी सावकाश म्हणाले, "वेषाला काय विचारतंय कोर्ट? तुम्ही दूध खात्यात आहात ना? मग तुम्हाला सांगितलेलं चालतं."

म्हणजे कोंडाबाईचा हिशेब बरोब्बर उलटा झाला होता. खऱ्या हवालदाराला सांगितलं असतं तर तेवढ्या सांगण्यावर तिला कुणी काही करू शकलं नसतं. खोट्याला सांगितलं, आणि तोच तिच्याविरुद्ध साक्षीदार झाला. मला तिथं बसवेना.

"नाव सांगा," शिरगुप्पे म्हणाले. "आत्ता प्रतिज्ञापत्र करू. मी उद्या जामिनाचा अर्ज टाकतो. एवढ्यावर निर्दोष सुटेल असं नाही म्हणत, पण महिन्याभरात तो घरी येईल असं मला वाटतं."

"दुसरा काही रस्ता?"

"त्या माणसानं आपल्या पायानं मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन सांगावं. ते सगळ्यात उत्तम. पण तसं कोण जातं, निसळ?"

मी म्हणालो, मला दोन दिवस द्या. बाहेर आलो तर बाकावर एक बाई कडेवर मूल घेऊन बसली होती. शिरगुप्प्यांचा कारकून तिला म्हणाला, "खुडेबाई, तारीख पुढं गेली." मी तोंड वळवून एसटी स्टँडकडे चालायला लागलो.

बेलवंड्याला कोंडाबाई शेतात खुरपं घेऊन भांगलत होती. मी साध्या कपड्यांत होतो, म्हणून तिला आधी ओळखू आलो नाही.

"टोपी न्हाई आनली?" तिनं विचारलं.

बांधावर बसून मी तिला सगळं सांगितलं. कुणाला सांगितलं तर चालतं, कुणाला सांगितलं तर चालत नाही, सगळं. ती ऐकताना मातीची ढेकळं बोटांनी फोडत होती.

"म्हंजे तुमी लिवनार," ती म्हणाली.

"मी अजून नाव घेतलेलं नाही. पण तो माणूस आत आहे, मावशी."

"तुमच्यात असं न्हवतं."

"आमच्यात ते लेखक लिहायचा. त्यालाही तो आतला माणूस कसा सुटला ते सुचलं नव्हतं."

"मग तुमी काय करत हुता तितं?"

"मी नुसता बोलत होतो," मी म्हणालो. मला ते फार लागलं, पण खरं होतं.

तिनं खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी जाते. त्या सायबाम्होरं मीच जाते. तुमी नगा जाऊ. पर मनीषाची धाव्वीची परीक्षा हाय मार्चात. हुशार हाय पोर. म्या आत गेले तर परीक्षेला कोन बसवील तिला? आनंदराव तर घरातनं भाईर काढील. मार्च हू द्या. एकदा का पेपर झालं की दुसऱ्या दिशी जाते. शप्पत."

आता सांगायचं तर सांगून टाकतो. त्या क्षणी मला जितकं बरं वाटलं तितकं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. समोर एक गरीब बाई, तिच्या मागं तिची ज्वारी, आणि निर्णय माझ्या हातात. मी आपोआप जिवबासारखा बसलो होतो, एक पाय दुमडून, कोपर गुडघ्यावर. आवाजही त्याचाच लागला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "मार्चपर्यंत मी थांबतो. पोरीची परीक्षा होऊ द्या."

तिनं माझे पाय धरायला हात पुढं केले, मी ते अडवले. परतीच्या एसटीत मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

डिसेंबरात शिरगुप्प्यांचा फोन आला. "तुमच्या त्या 'समजा'चं काय झालं?"

"होईल," मी म्हणालो. "माणूस स्वतःच जाणार आहे मॅजिस्ट्रेटकडे. फक्त मार्चमध्ये."

"मार्च?" ते म्हणाले. "निसळ, आत असलेल्याला एकेक आठवडा मोजावा लागतो. तुम्ही एकदा त्याला भेटून तरी या."

"बघतो," मी म्हणालो. भेटायला गेलो नाही. त्याला काय सांगणार होतो? आणि खरं म्हणजे मला त्याचा चेहरा नको होता. चेहरा पाहिला असता तर माझं ते बांधावरचं बसणं मला तितकं आवडलं नसतं.

झोप पुन्हा उडाली. जानेवारीत त्यांचा फोन आला तेव्हा मी अंघोळ करत होतो, कुंदानं घेतला. "वकिलांचा होता," ती म्हणाली. "दगडूच्या घरचं काहीतरी सांगायचं होतं. तुम्हाला फोन करायला सांगितलाय, लगेच."

"करतो."

"आत्ता करा."

"करतो म्हटलं ना," मी ओरडलो. मी ओरडणारा माणूस नाही. संध्याकाळी फोनजवळ गेलो आणि विजेचं बिल शोधत बसलो. दुसऱ्या दिवशीही केला नाही. मग इतके दिवस गेले की आता करून काय उपयोग, असं स्वतःला सांगता येऊ लागलं. मार्चचीच वाट बघत राहिलो. परीक्षेचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून मी पाकिटात ठेवलं होतं. ज्या दिवशी भूमितीचा पेपर होता त्या दिवशी मीच घामाघूम झालो होतो.

कोंडाबाईनं शब्द पाळला. शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून घेऊन पहिल्या एसटीनं तालुक्याला गेली आणि कोर्टाच्या शिपायाला विचारून मॅजिस्ट्रेटच्या दालनासमोर बसली. त्यांनी तिला समजावलं की तुम्ही जे सांगाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, घरी जाऊन विचार करा, उद्या या. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. हे मला शिरगुप्प्यांनीच कळवलं. ते म्हणाले, "मी पंचवीस वर्षं वकिली करतोय. असं माणूस पाहिलं नव्हतं." माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही जानेवारीतल्या फोनचं विचारलं नाही.

मनीषाला तिच्या मामानं कोल्हापूरला नेलं. पोलिसांनी पुन्हा तपास केला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दगडू सुटला. मी लगेच बेलवंड्याला जायला निघालो. कुंदा म्हणाली, "कशाला?" मी म्हणालो, "भेटून येतो बिचाऱ्याला." खरं कारण मला ठाऊक होतं. त्यानं काहीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. अख्ख्या आयुष्यात मी एक माणूस खरोखरीच सोडवला होता, आणि तेही कुणाला न दुखवता, मालिकेत दाखवायचे तसंच.

दगडूचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. त्याच्या बायकोनं मला पाहिल्याबरोबर खुर्ची आणली. लोक उगाच म्हणतात की तुरुंगातून माणूस खंगून येतो. दगडू चांगला धिप्पाड होता, फक्त उजेडात डोळे बारीक करत होता.

"हवालदारसायेब," तो म्हणाला. "आमच्या घरी. आत असताना बराकीत टीव्ही हुता. आयतवारी समदी तुमचंच बघायची." मग बायकोला म्हणाला, "चा टाक."

"कसा आहेस?"

"बरा हाय. वकीलसायेब म्हनलं, तुमीच कोंडाबाईला समजावलंत. न्हाईतर ती कशाला गेली असती."

"मी काय केलं," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला किती छान वाटत होतं ते अजून आठवतं. "तिनं सांगितलं, मी ऐकून घेतलं. एवढंच."

"कवा सांगितलं?"

"काय?"

"तिनं तुमास्नी सांगितलं ते कवा?" त्याच्या आवाजात काही नव्हतं. तो नुसता विचारत होता.

मार्च म्हणता आलं असतं. कोंडाबाई तुरुंगात होती, शिरगुप्पे तालुक्याला, विचारायला कोण जाणार होतं? पण त्याच्याकडे बघून ते तोंडातून येईना.

"दिवाळी झाल्यावर. कार्यक्रमाला आलो होतो तेव्हा."

त्याची बायको चहाचा कप घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"आय संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी गेली," तो म्हणाला. "अर्ज दिला हुता मातीला जायाचा. मंजूर हुईस्तवर तिसरा दिस उजाडला. चुलतभावानं आग दिली."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "वकिलांचा फोन आला होता, पण मी..."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बायकोच्या हातातून कप घेतला आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला.

"कोंडाबाईच्या नातीची परीक्षा हुती म्हनं."

"हो. तेवढ्यासाठीच तिनं मुदत मागितली. मी दिली."

"पास हुईल ती. हुशार हाय." तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. "सायेब, जेलात भेटाय येता येतंय. ही दर आठवड्याला याची, पोराला घिऊन. तुमी एकदा आला असता आन मला म्हनला असता, दगडू, असं असं हाय, पोरीची परीक्षा हाय, थांबतूस का मार्चापातूर? तर म्या कदाचित हो म्हनलो असतो. आय आजारी पडंस्तवर तरी हो म्हनलोच असतो. ती पोर माझ्या डोळ्यांम्होरं वाडलीया."

मी खाली बघत होतो.

"पर ते दिस माझं हुतं," दगडू म्हणाला. "मला इचाराय पायजे हुतं."

थोड्या वेळानं मी उठलो. चहा तसाच राहिला होता. दगडू मला पोचवायला रस्त्यापर्यंत आला आणि एसटी येईपर्यंत माझ्याबरोबर उभा राहिला.